पाय न टेकता काढलेला आठ

गाडी चालवता येणे वेगळे आणि परवाना मिळवणे वेगळे. म्हैसूरच्या एका मराठी घरात हा फरक एका अपघाताने शिकवला आणि तीस वर्षांनी तो नातीच्या उपयोगी पडला.

गेल्या वर्षी आमची नात अठरा वर्षांची झाली. वाढदिवसाला काय हवं, असं आजोबांनी विचारलं. मला वाटलं, फोन मागेल, फार तर स्कूटर मागेल. पण बाईसाहेब म्हणाल्या, "आजोबा, मला तुमची येझदी चालवायची आहे."

घरात क्षणभर कुणी काही बोललं नाही. सुनेने माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे. मुलगा मात्र हसत म्हणाला, "चालव की! पण आधी लायसन्स काढू. माझ्या ओळखीचा एजंट आहे, तो सगळं बघेल. फोटो आणि सही, एवढ्यापुरतं गेलं की झालं."

ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "एजंट नको. ती स्वतः अर्ज भरेल, स्वतः शिकेल आणि स्वतः परीक्षा देईल. नापास झाली तर पुन्हा देईल."

मुलाला हा हट्ट वाटला. मला मात्र त्यामागचं कारण ठाऊक होतं.

यादवगिरीची गाडी

आम्ही १९९३ साली ह्यांच्या बँकेतल्या बदलीमुळे म्हैसूरला आलो. बदली तीन वर्षांची होती, पण गावाने असं काही धरून ठेवलं की इथलेच झालो. परक्या मुलखात आल्यासारखं वाटलंच नाही. दसऱ्याची मिरवणूक ज्या रस्त्याने जाते, त्याला नावच बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचं!

त्या वेळी म्हैसूरची एक ओळख चंदन, रेशीम आणि मल्लिगे म्हणजे मोगरा ही होती, तशी दुसरी ओळख होती 'जावा' आणि 'येझदी'. आमच्या घरापासून फार दूर नसलेल्या यादवगिरीत त्यांचा कारखाना होता. रुस्तुम आणि फारुख इराणी यांनी 'आयडियल जावा' ही कंपनी १९६० साली स्थापन केली आणि १९६१ पासून इथे मोटारसायकली तयार होऊ लागल्या. कारखान्याचं उद्घाटन केलं ते तेव्हाचे राज्यपाल आणि म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार यांनी. 'जावा' हे नाव मूळचं चेकोस्लोव्हाकियातलं. संस्थापक यानेचेक यांच्या नावाचा आरंभ आणि 'वाँडरर' या गाडीच्या नावाचा आरंभ जोडून ते तयार झालं. १९७३ पासून म्हैसूरच्या गाड्या 'येझदी' या नावाने निघू लागल्या आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. २०१८ साली जावा आणि पुढे २०२२ साली येझदी ही नावं बाजारात परत आली खरी, पण त्या गाड्या यादवगिरीत तयार होत नाहीत.

ह्यांनी इथे आल्या आल्या एक जुनी येझदी विकत घेतली. ज्या गावात गाडी तयार होते, त्या गावात तिचे सुटे भाग आणि जाणते मिस्त्री मिळणारच, असा हिशेब होता. या गाडीची एक गंमत सांगते. तिला किक मारायचा आणि गिअर बदलायचा दांडा एकच! डाव्या बाजूचा दांडा वर उभा करून किक मारायची आणि गाडी सुरू झाली की तोच खाली आणून गिअर म्हणून वापरायचा. ब्रेक उजव्या पायाशी. वर्षभरात ह्यांच्या पायांना या सगळ्याची इतकी सवय झाली, की विचार न करता पाय आपोआप चालत.

आणि घात झाला तो याच सवयीने.

घरपोच आलेला परवाना

ह्यांचा परवाना म्हैसूरचा नव्हता. आम्ही आधी ज्या गावी होतो, तिथे तो काढलेला होता. काढलेला म्हणण्यापेक्षा आलेला म्हणावं. एका गृहस्थांना पैसे, फोटो आणि सह्या केलेले कागद दिले आणि काही दिवसांनी लिफाफा घरी आला. मैदान नाही, साहेब नाही, परीक्षा नाही. "काम झालं!" म्हणून आम्ही पेढेही वाटले होते. आज आठवलं की लाज वाटते.

१९९४ साली एका रविवारी हे बँकेतल्या मित्राबरोबर चामुंडीच्या टेकडीवर दर्शनाला गेले. मित्राकडे बुलेट होती. उतरताना मित्र म्हणाला, "घ्या, आज तुम्ही चालवून पाहा." परवाना होता, गाडी रोज चालवत होते, नाही म्हणायचं कारण नव्हतं.

त्या काळच्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला असे आणि ब्रेक डाव्या पायाला. येझदीच्या अगदी उलट. निघताना मित्राने सांगितलं होतं आणि ह्यांनी मानही डोलावली होती. वळणावर समोरून सायकलवर मोगऱ्याच्या फुलांची टोपली घेऊन एक गृहस्थ येत होते. ह्यांनी घाईने उजवा पाय दाबला. ब्रेक लागायच्या ऐवजी वरचा गिअर पडला. ताशी ४० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला ११ मीटर. चूक ध्यानात येईपर्यंत दोन सेकंद गेले.

त्या गृहस्थांचं गळ्याजवळचं हाड मोडलं. फुलं रस्ताभर झाली. ह्यांना नुसतं खरचटलं. पोलिसांत नोंद झाली, विम्याचे कागद निघाले. कागदोपत्री सगळं ठीक होतं, परवाना खरा होता. हातात बुलेट धरायला तो पुरेसाही होता, कारण परवान्यावर 'गिअर असलेली मोटारसायकल' एवढंच लिहिलेलं असतं. गिअर उजवीकडे की डावीकडे, हे तो विचारत नाही.

फुलवाल्यांचं हाड जुळेपर्यंत हे दर रविवारी त्यांच्या घरी जात होते. घरखर्चाचे पैसेही पोचवत होते. एकदा परत आल्यावर मला म्हणाले, "ते काही बोलत नाहीत गं. बोलले असते तर बरं वाटलं असतं."

त्यानंतर वर्षभर येझदी कापडाखाली झाकून होती. मग एका पहाटे हे खडूचा डबा घेऊन जवळच्या मोकळ्या मैदानावर गेले. जमिनीवर मोठा आठ काढला आणि त्यावरून गाडी फिरवू लागले. कुणीही न घेतलेली परीक्षा हे स्वतःच स्वतःला देत होते.

सोळा की अठरा?

नातीच्या निमित्ताने आम्ही सगळे नियम पुन्हा नीट वाचले, तेव्हा आमचेच कितीतरी गैरसमज निघाले. पहिला गैरसमज वयाचा.

"गिअर नसलेली गाडी सोळाव्या वर्षी चालवता येते," असं अजूनही घरोघरी ऐकू येतं. ते पूर्वी खरं होतं. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्यात आरंभी सोळा वर्षांच्या मुलांना बिनगिअरच्या दुचाकीची मुभा होती. पण १९९४ साली दुरुस्ती झाली आणि ही मुभा ५० सीसीपर्यंतच्या इंजिनापुरतीच उरली. तीही पालकांची लेखी संमती असेल तर. आज रस्त्यावर दिसणाऱ्या पेट्रोलच्या स्कूटर्स साधारण १०० सीसीच्या पुढच्याच असतात. गिअर नसला म्हणून काय झालं, त्या चालवायला अठरा वर्षं पूर्ण हवीत. अकरावीतल्या मुलीला क्लासला जायला स्कूटर घेऊन देणाऱ्या आईबाबांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर तर हा विषय फारच गंभीर झाला आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकाऊ परवानाही मिळत नाही. लाडाने दिलेली किल्ली एवढी महाग पडू शकते.

आणखी एक बारकावा. बिनगिअरच्या दुचाकीचा परवाना असेल तर गिअरची मोटारसायकल चालवता येत नाही. म्हणून आमच्या नातीने अर्जातच 'गिअरसह' असं निवडलं.

तीस दिवसांची शिकवणी

परवान्याची वाट दोन टप्प्यांची आहे. आधी शिकाऊ परवाना, मग पक्का.

अर्ज आता परिवहन खात्याच्या 'सारथी' या संगणक प्रणालीवर भरतात. वयाचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. प्रकृतीबद्दल स्वतःचं निवेदन द्यावं लागतं. फिट्स येतात का, दिवसाउजेडी २५ मीटरवरून गाडीच्या नंबराची पाटी वाचता येते का, असे त्यातले प्रश्न. हे निवेदन खरंखुरं भरावं. चष्मा लागत असेल तर लपवू नये. वय चाळिशीच्या पुढे असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

मग रस्त्याच्या खुणा आणि नियम यांची छोटी परीक्षा. अपघात झाला तर चालकाचं कर्तव्य काय, फाटक नसलेल्या रेल्वे रुळाशी काय करायचं, गाडीबरोबर कोणते कागद ठेवायचे, असं त्यात विचारतात. किमान साठ टक्के उत्तरं बरोबर यावी लागतात. आमच्या नातीने खुणांची चित्रं कापून फ्रिजवर चिकटवली होती. भाजी काढताना मलाही पाठ झाली!

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. तो मिळाल्यावर किमान तीस दिवस गेल्याशिवाय पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. या काळात गाडीला पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगात इंग्रजी 'एल' लावायचा. परवाना असलेला शिकवणारा बरोबर हवा. त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणालाही मागे बसवायचं नाही. मैत्रिणीला तर नाहीच नाही.

हे तीस दिवस म्हणजे सरकारी दिरंगाई असं पुष्कळांना वाटतं. मला तर हाच कायद्याचा सगळ्यात शहाणा भाग वाटतो. गाडी हलवायला एक दिवस पुरतो, पण पाय योग्य वेळी योग्य जागी जायला महिना लागतोच.

म्हैसूरच्या चौकात

आजोबांनी तिला पहिले दहा दिवस येझदीला हातही लावू दिला नाही. शेजाऱ्यांची हलकी, आजकालची मोटारसायकल मागून आणली. सकाळी साडेपाचला दोघं मैदानावर. आठ दिवसांत ती आठाच्या आकड्यावर आली.

पाहणाऱ्याला आठ म्हणजे पोरखेळ वाटतो. पण संथ वेगात गाडी तोलणं हे वेगात पळवण्यापेक्षा कठीण. क्लच अर्धा सोडून धरायचा, नजर चाकाकडे न ठेवता जिथे जायचं तिथे ठेवायची, एका वळणातून उलट्या वळणात जाताना तोल बदलायचा आणि पाय टेकायचा नाही. बाजारातल्या गर्दीत, शाळेसमोर, गायीला वळसा घालताना नेमकं हेच लागतं.

त्यानंतर धडा चौकाचा. म्हैसूर हे मोठाल्या गोल चौकांचं गाव. कृष्णराज सर्कल, चामराज सर्कल, हार्डिंज सर्कल. गोल चौकात शिरताना उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम. आत फिरणारी गाडी आपल्या उजव्या हातालाच असते, म्हणून आधी मान तिची. नातीने पहिल्या दिवशी चौकाला तीन फेऱ्या मारल्या, कारण बाहेर पडायचं धाडस होईना. जयचामराजेंद्र महाराजांच्या पुतळ्याखाली आजोबा पोट धरून हसत होते.

परगावहून येणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रातून इथे नोकरी-शिक्षणासाठी येणारी मुलं मला नेहमी विचारतात, "काकू, इथे नवं लायसन्स काढावं लागतं का?" तर नाही. भारतात कुठेही काढलेला परवाना देशभर चालतो. प्रश्न गाडीचा असतो. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवली तर तिची इथे नोंदणी करून नवा नंबर घ्यावा लागतो. म्हैसूरचे नंबर के.ए. ०९ आणि के.ए. ५५ असे. आणि पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीची नोंदणी तपासणी करून पुन्हा वाढवून घ्यावी लागते. आमच्या येझदीची ही तपासणी हे कधी चुकवत नाहीत.

परवाना जवळ नसताना गाडी चालवली तर दंड होतो, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पण त्याहून मोठी गोष्ट विम्याची. चालवणाऱ्याकडे योग्य परवानाच नसेल, तर विमा कंपनी जबाबदारी नाकारू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वर्ण सिंह यांच्या खटल्यात हा विषय सविस्तर सोडवला. अशा वेळी जखमी माणसाला आधी विमा कंपनीकडून भरपाई देववता येते, पण ती रक्कम नंतर गाडीच्या मालकाकडून वसूल होऊ शकते. म्हणजे पुतण्याला "जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन ये" म्हणून दिलेली गाडी घर गहाण टाकायची वेळ आणू शकते. शिकाऊ परवाना हाही परवानाच, असंही त्याच निकालात म्हटलं आहे.

डोक्यावरचं छप्पर

हेल्मेटशिवाय ही गोष्ट पुरी होणार नाही. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्ता अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांचा त्या वर्षी जीव गेला आणि त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. मागे बसणाऱ्यांत आपण बायकाच जास्त. केसांत गजरा आहे, अंबाडा मोडेल, जवळच तर जायचं आहे, ही कारणं मीही दिलेली आहेत. आता देत नाही.

हेल्मेट आय.एस.आय. खुणेचं हवं आणि हनुवटीखालचा पट्टा लावलेला हवा. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते सक्तीचं आहे. त्याहून लहान मुलांसाठीही २०२३ पासून हेल्मेट आणि चालकाशी बांधणारा पट्टा हे नियम आले आहेत आणि मूल मागे असताना वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवायचा आहे. गाडीच्या मागच्या चाकाला साडीचा पदर अडकू नये म्हणून जाळी असावी, हाही नियमच आहे. नवी गाडी घेताना "जाळी काढून टाका, दिसायला बरं नाही" असं म्हणणाऱ्या तरुण मंडळींना आईने जरूर अडवावं.

पहिल्यांदा नापास

परीक्षेच्या दिवशी आम्ही दोघंही गेलो. मैदानावर पन्नासेक मुलं-मुली रांगेत. कुणाच्या हातात नवी कोरी गाडी, कुणी मित्राची आणलेली. एक चाळिशीतल्या बाईही होत्या. नवरा परगावी असतो, मुलाला शाळेत सोडायला हवं, म्हणून शिकले म्हणाल्या. त्या एका फटक्यात पास झाल्या.

आमची नात नापास झाली. आठाच्या दुसऱ्या वळणावर गाडी गचकली आणि पाय टेकला. साहेबांनी फक्त मान हलवली. ती परत आली तेव्हा डोळे भरलेले. मुलाचा फोन आला, "मी म्हणत होतो ना, एजंट..." ह्यांनी त्याला पुरतं बोलूही दिलं नाही. म्हणाले, "अरे, आज तिचा पाय मैदानात टेकला. तिथे फुलवाला नव्हता."

नियमाप्रमाणे नापास झालेल्याला सात दिवसांनी पुन्हा परीक्षा देता येते. तीनदा नापास झालं तर मात्र पुढच्या परीक्षेला साठ दिवस थांबावं लागतं. तिने ते सात दिवस रोज पहाटे आठ काढला. आठव्या दिवशी साहेबांनी अर्जावर सही केली. तिशीच्या आत काढलेला परवाना आता वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत चालतो. घरी येऊन तिने तो आधी देवापाशी ठेवला आणि मग आजोबांच्या हातात दिला. ते बराच वेळ नुसते त्याच्याकडे पाहत राहिले. ह्यांच्या परवान्यासारखाच तो, पण कमावलेला.

त्या संध्याकाळी येझदीवरचं कापड निघालं. मैदानावर खडूने पुन्हा आठ काढला. आधी नात फिरली, झोकात. मग म्हणाली, "आजोबा, आता तुम्ही." सत्तरी ओलांडलेले आजोबा गाडीवर बसले, दांडा वर उभा केला, किक मारली. पहिलं वळण सुरेख गेलं. दुसऱ्या वळणावर गाडी जराशी कलली आणि डावा पाय अलगद जमिनीला लागला.

"टेकला, टेकला!" नात टाळ्या पिटत ओरडली. "आजोबा नापास!"

हे गाडीवरून उतरले, हेल्मेट काढलं आणि तिला अदबीने हात जोडून म्हणाले, "बरं साहेब, सात दिवसांनी पुन्हा येतो."